अपग्रेडनंतर रुसलेली तीन यूएसबी उपकरणं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर अपग्रेड केलंत. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह सगळं ठीक आहे. पण मायक्रोकंट्रोलर बोर्डाची सिरियल केबल लावली की पूर्वी मिळायचा तो टीटीवाय-यूएसबी-० हा पोर्ट आता येतच नाही. बाहेरची हार्ड डिस्क मोठी फाईल कॉपी करताना मध्येच गायब होते. आणि ऑल-इन-वन प्रिंटर छापतो व्यवस्थित, पण स्कॅन करायला गेलं की उपकरण सापडत नाही म्हणतो. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाले, इंटरनेटवर सापडलेल्या सातआठ कमांड चालवून झाल्या, आणि आता तुम्ही विचारताय की नव्या आवृत्तीत यूएसबीच मोडली आहे का आणि सरळ २०.०४ वर परत जावं का.

परत जायची घाई करू नका. २०.०४ चा नेहमीचा पाच वर्षांचा आधार २०२५ मध्ये संपला, त्यामुळे तिथे गेलात तर सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणांवर पाणी सोडावं लागेल. शिवाय तुमचं वर्णन वाचून मला यात एक बिघाड दिसतच नाही. तीन दिसतात, आणि त्या तिघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटत नाही. तिन्ही एकाच आठवड्यात लक्षात आले, इतकाच काय तो सारखेपणा. तुम्ही तिघांना पुरेल असं एकच औषध शोधत होतात, म्हणून हाती काही लागलं नाही.

यूएसबीच मोडली असती तर माऊस आणि पेनड्राइव्हही अडले असते. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक मशिनांवर सगळे पोर्ट एक्सएचसीआय नावाच्या एकाच जातीच्या कंट्रोलरवर चालतात. त्याचा आधार लिनक्समध्ये २००९ पासून, २.६.३१ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) आहे. तुमचा माऊस ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने ती सिरियल केबलही येते. म्हणजे वाट मोकळी आहे. अडतंय ते पुढे कुठेतरी, आणि प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी.

ते ठिकाण शोधायचं तर उपकरण लावल्यावर काय काय घडतं ते एकदा डोळ्यांसमोर आणावं लागेल. आधी पोर्टाला विजेच्या पातळीवर कळतं की काहीतरी लागलं. मग कर्नल त्याला विचारतो, तू कोण? उपकरण आपले दोन क्रमांक सांगतं, एक उत्पादकाचा आणि एक मॉडेलचा, प्रत्येकी चार अंकी. त्या क्रमांकांवरून योग्य मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हर, शोधून चढवलं जातं. मॉड्यूल उपकरणाचा ताबा घेतं आणि डेव्ह फोल्डरमध्ये त्याची फाईल उभी राहते. त्यानंतर यूडेव्ह, हा उपकरणांची व्यवस्था बघणारा प्रोग्रॅम, पुढचं काम करतो. तो नाव देतो, परवानग्या लावतो, आणि गरज वाटली तर एखादा मदतनीस प्रोग्रॅमही सुरू करतो. या सगळ्यानंतर कुठे तुमचा अॅप ते उपकरण उघडतो. अपग्रेडमध्ये लोकांना कर्नल तेवढा दिसतो, पण या रांगेचा मागचा अर्धा भाग, म्हणजे यूडेव्हचे नियम, मदतनीस सेवा आणि अॅप, हा सगळाच्या सगळा बदललेला असतो. माझा अनुभव विचाराल तर आवृत्ती बदलल्यावर येणाऱ्या तक्रारींत गुन्हेगार बहुतेक वेळा या मागच्या अर्ध्यातच सापडतो.

तुमच्या बाबतीत तर कर्नल फारसा बदललाच नसेल अशीही शक्यता आहे. २०.०४ मूळ ५.४ कर्नलवर आली होती, पण ज्यांनी नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल घेतला होता त्यांच्याकडे ती शेवटी ५.१५ वर पोचली होती. आणि २२.०४ सुरू होते तीच मुळी ५.१५ वर. म्हणून आधी लॉग बघा की पूर्वी कोणता कर्नल चालू होता. ५.१५ वरून ५.१५ वर आला असाल तर कर्नलवर आळ घेण्यात फारसा अर्थ नाही.

एक सूचना. कमांडची आणि फाईलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांतच टाका.

सगळ्यात आधी त्या सातआठ कमांडचा पसारा आवरा. टर्मिनलमध्ये 'हिस्टरी' म्हणा आणि एकेक ओळ वाचा. मॉड्यूलांची सेटिंगं असलेल्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरमध्ये काही नवी फाईल घातलीत का, यूडेव्हच्या नियमांत काही टाकलंत का, ग्रबच्या, म्हणजे मशिन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीत ऑटोसस्पेंड (रिकामं उपकरण झोपवणारी सोय) बंद करणारं काही जोडलंत का, ते बघा आणि सगळं काढून टाका. अंदाजाने घेतलेली औषधं पोटात असताना रोगाची लक्षणं वाचता येत नाहीत. मी मशिनला हात लावायच्या आधी हेच करते. समोरचा माणूस जरा वैतागतो, पण चालतं.

आणखी एक शंका आधीच फेडून घ्या: दोष अपग्रेडचा आहे की रीबूटचा? जी मशिनं महिनोन्‌महिने बंद होत नाहीत त्यांच्यात हाताने केलेल्या तात्पुरत्या गोष्टी साचलेल्या असतात. कोणीतरी कधीतरी हाताने मॉड्यूल चढवलेलं असतं, कोणीतरी डेव्हमधल्या फाईलला थेट परवानगी दिलेली असते. रीबूटबरोबर ते सगळं पुसलं जातं आणि नाव अपग्रेडचं होतं. अपग्रेडच्या आधी तुमचं मशिन शेवटचं कधी रीबूट झालं होतं ते आठवून बघा. जर्नल-सीटीएल या सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला 'लिस्ट-बूट्स' विचारलंत तर, जुन्या नोंदी शिल्लक असतील तर, तो तारखांसकट सांगेल.

आता सिरियल केबल. हा तिघांतला सगळ्यात सोपा रोग, पण सापडेपर्यंत डोकं फिरवणारा. एका खिडकीत सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, चालवा, पुढे डॅश-डब्ल्यू, म्हणजे नवी ओळ येताच दिसेल. सुडो आठवणीने लावा. २०.०४ मध्ये ही कमांड साध्या वापरकर्त्याला चालायची, २०.१० पासून उबुंटूने ती बंद केली. त्यामुळे 'परवानगी नाही' असा संदेश पाहून काही जण तोच यूएसबीचा बिघाड समजतात. खिडकी उघडी ठेवून केबल लावा आणि हात बाजूला घ्या.

तुमच्या केबलमध्ये सीएच३४० ही स्वस्त आणि सर्रास वापरली जाणारी चिप असेल, तर दृश्य असं दिसेल. पहिल्या ओळीत फुल-स्पीड उपकरण सापडल्याची नोंद. मग क्रमांक, उत्पादक १ए८६, उपकरण ७५२३. मग आनंदाची ओळ: सीएच३४१ (त्या चिपच्या ड्रायव्हरचं नाव) कन्व्हर्टर आता टीटीवाय-यूएसबी-० ला जोडला गेला आहे. इथवर सगळं सुरळीत. आणि मग, एकदोन सेकंदांत, आणखी एक ओळ उमटते: इंटरफेस ० सीएच३४१ च्या ताब्यात असताना 'बीआरएलटीटीवाय' कॉन्फिगरेशन बदलत आहे. आणि लगेच पुढची: कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी-० पासून सुटला.

म्हणजे पोर्ट येत नाही असं नाही. तो येतो, आणि तुम्ही डेव्ह फोल्डर बघेपर्यंत जातो. बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्रॅम आहे, दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठीचा, आणि उबुंटूच्या डेस्कटॉपबरोबर तो आपोआप बसतो. त्याच्या यूडेव्ह नियमांमध्ये ज्या उपकरणांची यादी आहे त्यात १ए८६ : ७५२३ हाही क्रमांक आहे, कारण एका ब्रेल उपकरणात हीच चिप वापरलेली आहे. चिपवाल्याचा क्रमांक दोघांचाही एकच. मग नियम बिचारा ओळखणार कसा? तुमची केबल दिसली की त्याला वाटतं ब्रेल डिस्प्ले आला, आणि तो ताबा मागतो. कर्नलचं यात काही चुकलेलं नाही, ड्रायव्हरचंही नाही. म्हणूनच तुम्ही ड्रायव्हर कितीदा पुन्हा टाकलात तरी फरक पडला नाही.

उपाय दोन. या मशिनवर ब्रेल डिस्प्ले कोणीच वापरत नसेल तर बीआरएलटीटीवायचं पॅकेज एपीटीने (पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या कमांडने) काढून टाका, केबल उपटून पुन्हा लावा, काम झालं. पण मशिन सामायिक असेल, प्रयोगशाळेतलं असेल, तर कृपया काढू नका. कोणाची तरी स्क्रीन त्याच प्रोग्रॅममुळे वाचली जात असते. अशा ठिकाणी मी त्या नियमांच्या फाईलची प्रत त्याच नावाने ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरखालच्या यूडेव्ह नियमांच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि तिच्यात फक्त त्या क्रमांकाची ओळ बंद करते. ईटीसीमधली फाईल त्याच नावाच्या मूळ फाईलला झाकते, आणि पुढच्या अपडेटमध्ये पॅकेजने आपली फाईल बदलली तरी तुमची तशीच राहते. मूळ फाईलच खोडून ठेवलीत तर मात्र पुढचं अपडेट ती पुन्हा जशीच्या तशी आणून ठेवेल.

तुमच्या केबलचा क्रमांक वेगळा असेल, उदाहरणार्थ ०४०३ : ६००१, तर चिप एफटीडीआयची आहे. तेव्हा वरचा निष्कर्ष डोळे झाकून लावू नका, पण पाहायची रीत तीच. पोर्ट येऊन टिकत असेल आणि उघडताना 'परवानगी नाही' म्हणत असेल, तर सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट गटात तुम्ही आहात का बघा. गटात नाव घातल्यावर एकदा लॉगआउट होऊन परत यावं लागतं, आणि हे विसरून लोक तासन्‌तास घालवतात. मीही घालवले आहेत. पोर्ट एसीएम नावाने येत असेल आणि बोर्ड पहिले काही सेकंद वेड्यासारखा वागत असेल, तर मोडेममॅनेजर त्याला मोडेम समजून प्रश्न विचारतो आहे का ते तपासा.

आता डिस्क. इथे मी खात्रीने एकच कारण सांगू शकत नाही, कारण ते तुमच्या केबलवर, पोर्टावर आणि डिस्कच्या पेटीतल्या चिपवर अवलंबून आहे. पण तुमच्या वर्णनातला एक शब्द फार कामाचा आहे: कॉपी करताना. रिकामी बसलेली डिस्क थोड्या वेळाने गायब होत असेल तर मी वीज वाचवणाऱ्या सोयींकडे, म्हणजे ऑटोसस्पेंड, टीएलपी वगैरेंकडे बघते. कामाच्या भरात गायब होणाऱ्या डिस्कला कोणी झोपवलेलं नसतं, ती जागीच असते. म्हणून तिथे संशयित तीन: वीज, केबल आणि यूएएस ही डिस्कशी बोलायची नवी पद्धत. तुम्ही चालवलेल्या कमांडपैकी ज्या ऑटोसस्पेंड बंद करण्याच्या असतील, त्या इथे लागू पडणार नव्हत्याच.

विजेचा हिशेब साधा आहे. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना क्षणभर याहून जास्त मागू शकते. आणि तीच जर बाहेरून वीज न मिळणाऱ्या हबवर आणखी दोन उपकरणांसोबत बसली असेल तर मग विचारूच नका. तेव्हा हब काढा, डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडून मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा, आणि शक्य तितकी आखूड केबल घ्या. मग एलएसयूएसबी डॅश-टी, ही जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड, चालवा. झाडासारखा आराखडा येईल, त्यात प्रत्येक फांदीच्या शेवटी वेग आणि ड्रायव्हर लिहिलेला असतो. यूएसबी ३ च्या डिस्कसमोर निदान ५०००एम दिसायला हवं. ४८०एम दिसत असेल तर ती यूएसबी २ च्या वेगाने जोडली गेली आहे, म्हणजे बहुतेक केबलच्या जास्तीच्या तारा कुठेतरी तुटल्या आहेत किंवा प्लग पूर्ण बसलेला नाही.

केबल आणि वीज निर्दोष निघाली तर यूएएस. जुनी यूएसबी-स्टोरेज पद्धत एका वेळी डिस्कला एकच आज्ञा देते आणि उत्तराची वाट बघते. यूएएस एकदम अनेक आज्ञा रांगेत लावते, म्हणून ती जलद. पण बाहेरच्या पेट्यांमधल्या काही चिपांना ही रांग झेपत नाही. चार छोट्या फाईली नेताना काही होत नाही. वीसेक गिगाबाइट एकदम ओतलं की चिप गुदमरते. तेव्हा डीमेसेजमध्ये 'यूएएस-ईएच-अॅबॉर्ट-हँडलर' अशा ओळींची रांग दिसते, मग रीसेटची ओळ, मग वाचन-लेखनाच्या चुका, आणि शेवटी 'यूएसबी डिस्कनेक्ट'. ही ओळख पटली तर आणखी पुरावा लागत नाही.

तुम्ही म्हणाल, २०.०४ मध्येही यूएएस होतंच, मग तेव्हा कसं चाललं? हा प्रश्न मलाही एकदा पडला होता, आणि उत्तर लाजवणारं निघालं. एका मशिनवर अपग्रेडनंतर अगदी तुमच्यासारखी डिस्क पडायला लागली. मी केबल बदलली, पोर्ट बदलले, कर्नल बदलला. दुसऱ्या दिवशी सहज ईटीसीमधलं डिफॉल्ट फोल्डर बघितलं, तर तिथे 'ग्रब' या फाईलशेजारी तिचीच जुनी प्रत, यूसीएफ-ओल्ड अशी शेपटी लावलेली. उघडली. आत त्या डिस्कसाठी यूएएस बंद करणारी ओळ होती, आणि ती मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेली. अपग्रेड चालू असताना मध्येच एक प्रश्न येतो: ही फाईल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की पॅकेजची घेऊ? मी घाईत 'पॅकेजची घ्या' म्हटलं होतं. तेव्हापासून अपग्रेडनंतर माझं पहिलं काम म्हणजे ईटीसीमध्ये अशा शेपट्यांच्या फाईली शोधणं: यूसीएफ-ओल्ड, डीपीकेजी-ओल्ड, डीपीकेजी-डिस्ट. तुम्हीही शोधा. मशिन तुमच्याआधी दुसऱ्या कोणाच्या हातात राहिलं असेल तर नक्कीच शोधा.

यूएएसवरचा संशय पडताळायचा, पण कायमचा बदल न करता. एलएसयूएसबीमधून डिस्कचे दोन्ही क्रमांक टिपून घ्या. मशिन सुरू होताना ग्रबचा मेनू आणा, कर्नलच्या नोंदीवर 'ई' दाबा, आणि 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून लिहा: यूएसबी-स्टोरेज, टिंब, क्वर्क्स, बरोबरचं चिन्ह, उत्पादकाचा क्रमांक, कोलन, उपकरणाचा क्रमांक, कोलन, आणि रोमनमधलं छोटं यू. कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल एवढ्या एका बूटपुरताच राहतो, चुकला तर पुढच्या वेळी आपोआप नाहीसा होतो. आता डॅश-टीच्या झाडात त्या डिस्कसमोर यूएएसऐवजी यूएसबी-स्टोरेज दिसेल. तीच मोठी फाईल पुन्हा कॉपी करा. नीट झाली तर हीच ओळ ग्रबच्या फाईलमध्ये कायमची घाला आणि अपडेट-ग्रब चालवा. वेग थोडा कमी होईल. मला तो सौदा मान्य आहे.

मात्र चाचण्या करायच्या आधी डिस्कवरचा महत्त्वाचा डेटा दुसरीकडे घ्या, लागलं तर छोट्या तुकड्यांत. लिहिता लिहिता पडणारी डिस्क फाईल सिस्टीम कधी बिघडवेल सांगता येत नाही. डीमेसेजमध्ये उणे ७१ किंवा उणे ११० अशा क्रमांकांच्या चुका दिसल्या तर त्याचा अर्थही सांगून ठेवते. उणे ७१ म्हणजे तारेवरचा संवाद नियमाप्रमाणे झाला नाही, उणे ११० म्हणजे उत्तराची वाट बघून वेळ संपली. दोन्ही बहुतेक वेळा केबल, हब नाहीतर वीज यांच्याकडे बोट दाखवतात. दरवेळीच नाही, पण सॉफ्टवेअरमध्ये शिरण्याआधी केबल बदलून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

डिस्क दिसते, पडत नाही, पण माउंट होत नाही, ही तक्रार वेगळी. डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाईल सिस्टीमची, असेल आणि दुसऱ्या मशिनवरून सुरक्षितपणे न काढता उपटलेली असेल, तर तिच्यावर 'अस्वच्छ' अशी खूण राहते. कर्नलमध्ये ५.१५ पासून आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर अशी डिस्क उघडायला साफ नकार देतो. तिथे यूएसबीचा काही दोष नाही. विंडोजमध्ये लावून तपासणी करून घेतली आणि नीट काढली की प्रश्न मिटतो.

स्कॅनरचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे फार खोल काही नाही. छपाई चालते म्हणजे केबल, क्रमांक, कर्नल सगळं जागेवर आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये आयपीपी-यूएसबी नावाची एक सेवा आली आहे. आधुनिक प्रिंटर यूएसबीने लावला की ही सेवा त्याचा ताबा घेते आणि बाकीच्या सिस्टीमला तो नेटवर्कवरच्या प्रिंटरसारखा दाखवते, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कल्पना चांगली आहे. पण ताबा एकाकडेच राहतो, त्यामुळे स्कॅनरचा जुना ड्रायव्हर थेट यूएसबीवर जायला बघतो तेव्हा त्याला दार बंद दिसतं. सिस्टम-सीटीएल या कमांडने सेवेची स्थिती बघा. ती चालू असेल तर आधी सेन-एअरस्कॅन हे या नव्या वाटेने स्कॅन करणारं पॅकेज बसलेलं आहे याची खात्री करा आणि स्कॅनच्या अॅपमध्ये उपकरणांची यादी पुन्हा उघडा. बहुतेक वेळा तोच स्कॅनर वेगळ्या नावाने तिथे बसलेला असतो आणि तुम्ही जुनं नाव शोधत असता. तुमच्या कुठल्या स्क्रिप्टमध्ये जुनं नाव लिहिलेलं असेल तर ते बदला. नव्या वाटेने एखादी सोय, समजा दोन्ही बाजूंचं स्कॅन, मिळत नसेल, तरच आयपीपी-यूएसबी बंद करून जुन्या ड्रायव्हरकडे जा. आणि मग छपाईची रांग पुन्हा जोडावी लागू शकते, हे धरून चाला.

वरच्या कशानेच उलगडलं नाही तर दोन चाचण्या उरतात. पहिली, ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल शिल्लक असेल तर तो निवडून बूट करा. आता कर्नल जुना, बाकी सगळं नवं. उपकरण चाललं तर दोष नव्या कर्नलकडे, नाही चाललं तर मागच्या अर्ध्याकडे. दुसरी, २२.०४ ची लाइव्ह पेनड्राइव्ह करून त्यावरून बूट करा आणि तेच उपकरण लावा. तिथे चाललं तर आवृत्ती निर्दोष आहे, गोंधळ तुमच्या डिस्कवर वर्षानुवर्षं साचलेल्या सेटिंगांचा आहे. या दोन चाचण्यांना मिळून अर्धा तासही लागत नाही, आणि तरीही लोक त्या सोडून आख्खी सिस्टीम फॉरमॅट करतात.

याच प्रश्नावर दुसरं कोणी आलं असेल आणि उपकरण वेगळं असेल, तर काही नेहमीची प्रकरणं सांगते. वायफायचा डोंगल बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरवर चालत असेल तर तो ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला जायला हवा. 'डीकेएमएस स्टेटस' विचारा (डीकेएमएस असे ड्रायव्हर बांधतो), आणि सिक्युअर बूट, म्हणजे बूट होताना सह्या तपासण्याची सोय, चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो हेही लक्षात ठेवा. डोंगल ०बीडीए : १ए२बी या क्रमांकाने आला तर तो अजून सीडी असल्याचं सोंग घेऊन बसलाय, यूएसबी-मोडस्विच त्याला जागा करतो. डेबियन ११ वरून १२ वर गेला असाल तर सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग घातलात का बघा. तो २०२३ मध्ये डेबियन १२ बरोबर वेगळा झाला. आर्चवाल्यांना कर्नल अपडेट झाल्याबरोबर पेनड्राइव्हही चालेनाशी झाली तर घाबरायचं कारण नाही. चालू कर्नलची मॉड्यूलं डिस्कवरून गेलेली असतात, रीबूट करा. आणि उपकरण टर्मिनलमध्ये दिसतं पण एकाच अॅपला दिसत नाही, असं असेल तर तो अॅप अपग्रेडमध्ये स्नॅप (बंदिस्त खोलीत चालणारं पॅकेज) झाला आहे का ते तपासा. २२.०४ मध्ये फायरफॉक्सचं तसं झालं, आणि स्नॅपच्या भिंतीआडून सगळीच उपकरणं दिसत नाहीत.

तुम्ही आता हे याच क्रमाने करा: पसारा आवरा, केबल लावून डीमेसेज बघा, डिस्कचं एका बूटपुरतं बघा, स्कॅनरची यादी पुन्हा उघडा. एक बदल, एक चाचणी, आणि प्रत्येकाची कागदावर नोंद. तरीही डिस्क पडत राहिली तर मला तीन गोष्टी पाठवा: एलएसयूएसबी डॅश-टीचं झाड, यूनेम डॅश-आरचं (कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या कमांडचं) उत्तर, आणि डिस्क लावल्यापासून पडेपर्यंतच्या डीमेसेजच्या सगळ्या ओळी, मधल्या न गाळता. नुसती शेवटची लाल ओळ पाठवू नका, कारण काय घडलं ते तिच्या वरच्या दहा ओळींत असतं. जुन्या कर्नलवर चालतं आणि नव्यावर नाही, असं स्वच्छ निघालं तर मात्र ते आपल्यापुरतं ठेवू नका, दोन्ही कर्नलचे आकडे देऊन बग नोंदवा. आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलमध्ये मोडली, ही तक्रार कर्नलवाले गांभीर्याने घेतात, आणि इतका नेमका पुरावा असेल तर ती लवकर मार्गी लागते.